उतरायचा राहिलेला माणूस

माझं काम व्हिडिओ गेममधल्या चुका शोधण्याचं. गेम बाजारात यायच्या आधी मी तो खेळते, भिंतींना धडका देते, तीच ती दारं उघडते-मिटते आणि काय बिघडलंय ते बनवणाऱ्यांना कळवते. घरी मात्र मला बिघडलेलेच गेम आवडतात. नीट जमलेला गेम आपल्याशी पाहुण्यासारखा वागतो. बिघडलेला घरच्यासारखा अंगावर येतो, छळतो, हसवतो, आणि सोडवत नाही.

ताईचा पाय मोडला तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. ताई शहर बसची ड्रायव्हर. ड्यूटी संपताना डेपोत गाडीच्या पायरीवरून घसरली आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. बाईला स्वस्थ बसायची सवय नाही. सोफ्यावर बसल्या बसल्याही तिचा हात नकळत गिअर टाकायचा.

म्हणून मी तिला टीव्हीवर बस चालवायचा एक गेम लावून दिला. कुणा एका माणसाने एकट्याने बनवलेला, आणि सगळ्यांनी धुऊन काढलेला. स्टिअरिंग डावीकडे ओढायचं. प्रवाशांची डोकी छतातून बाहेर यायची. वायपर लावले की पाऊस बसच्या आत पडायचा. ताई इतकी हसली की प्लास्टर टीपॉयवर आपटलं.

"चिमे, आमच्या डेपोतल्या गाड्यांपेक्षा बरी आहे गं ही," ती म्हणाली.

मग सकाळच्या चहापासून तिचं तेच सुरू झालं. मी मागच्या टेबलावर माझं काम करायचे आणि इंजिनाची ती मिक्सरसारखी घरघर ऐकत राहायचे.

एका दुपारी ती म्हणाली, "हा उतरत नाही गं."

मी उठून पाहिलं. बस शेवटच्या स्टॉपवर उभी होती. सगळे प्रवासी उतरले होते, एक जण नेहमीसारखा हवेत लटकला होता. पण ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात, अगदी मागच्या सीटवर, तपकिरी कोट घातलेला एक माणूस बसला होता. हात गुडघ्यांवर. आरशाच्या कडेमुळे चेहरा दिसत नव्हता.

"चूक आहे गेममधली," मी म्हटलं.

"तुमच्याकडे चूक. आमच्याकडे पॅसेंजर. मागपर्यंत जाऊन बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही मी."

पण या गेममध्ये ड्रायव्हरला जागेवरून उठताच येत नव्हतं. ताईने खेळ पहिल्यापासून सुरू केला. तो तिथेच होता, फक्त एक सीट पुढे. मी गेम काढून टाकून पुन्हा टाकला. आता तो मधल्या सीटवर होता.

ताईची झोप उडाली. जेवताना ती टीव्हीकडे पाठ करून बसेना. "कुठे जायचंय कोण जाणे त्याला," एवढंच म्हणायची.

मी गेम बनवणाऱ्याला लिहिलं. त्याने लगेच फोन केला. कुणीतरी अजून आपला गेम खेळतंय याचाच त्याला आनंद झाला होता.

"कुठे दिसतो म्हणालात?"

"ड्रायव्हरच्या आरशात."

"तो आरसा चालत नाही हो. प्रतिबिंब मला जमलंच नाही. शेवटी रिकाम्या बसचं एक चित्र चिकटवून दिलं तिथे. चित्रात कोण येणार?" मग त्याने विचारलं, "सीट कुठल्या रंगाच्या दिसतात?"

"हिरव्या."

"मी निळ्या रंगवल्या होत्या," तो म्हणाला.

फोन ठेवून मी ताईला विचारलं, तुझ्या गाडीतल्या सीट कुठल्या रंगाच्या?

"हिरव्या. का गं?" तिने टीव्हीवरची नजर काढली नाही. मग स्वतःशीच म्हणाली, "त्या दिवशी मागे बघायच्या आधीच पडले मी."

मी रिमोट उचलला. तिने माझं मनगट धरलं. "थांब. अर्ध्या रस्त्यात नाही टाकायचं कुणाला."

त्या फेरीत तो तिच्या बरोब्बर मागच्या सीटवर होता. इतक्या जवळ की आरशात नुसता कोट दिसत होता आणि कोटाचं एक तुटकं बटण. ताई गाडी हळू चालवत होती. स्टिअरिंग डावीकडे ओढत नव्हतं. कुणाचं डोकं छतातून बाहेर येत नव्हतं.

शेवटचा स्टॉप आला. सगळे नीट, एकामागून एक उतरले.

ताईने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"उतरा हो आता," ती ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाली. "गाडी पुढे जात नाही."

आरशातला कोट हलला. वर उठला. आरसा पूर्ण तपकिरी झाला.

मग रिकामा.

आम्ही दोघी पडद्यावरच्या बसच्या दाराकडे बघत होतो. दारातून कुणीही उतरलं नाही.

"गेला," ताई म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचे खांदे सैल झाले. मला मात्र खोलीत वळून बघायला जमेना. टीव्ही बंद करून मी तिचा हात धरून बसून राहिले.

त्यानंतर तिने तो गेम कधी मागितला नाही. प्लास्टर निघालं, पाय मोकळा झाला, ती तिच्या घरी गेली आणि ड्यूटीवर रुजू झाली.

परवा दुपारच्या सुट्टीत तिचा फोन आला. डेपोत गाडी लावून, इंजिन बंद करून, ड्रायव्हरच्या सीटवरच डबा उघडला होता तिने. खात खात बोलत होती. गुडघा पावसाळी हवेत दुखतो, नवा साहेब बरा आहे, एकटीच बसलेय निवांत.

तेवढ्यात फोनमध्ये बेल वाजली. उतरायचं असलं की प्रवासी दाबतात ती, बसमधली.

ताई गुडघ्याबद्दल बोलतच राहिली. बेल पुन्हा वाजली.

"ताई," मी म्हटलं, "बेल वाजतेय."

"वाजू दे," ती घास चावत म्हणाली. "त्याचा स्टॉप अजून यायचाय."