अकरा अंड्यांचं खरं नाव

मी बॅडमिंटनचा हॉल शोधत होते. लीड्सच्या त्या क्रीडा संकुलात चुकीचं दार उघडलं... आणि समोर पाळीव सापांचं प्रदर्शन! टेबलांच्या रांगा, त्यांवर पारदर्शक डबे, आणि प्रत्येक डब्यात एकेक साप!

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मराठी?" जवळच्या टेबलामागचा उंच मुलगा हसला. "घाबरू नको. ही साप चावत नाही."

"हा साप," मी म्हटलं.

"पण फीमेल आहे."

"तरी हा साप."

"सापापेक्षा मराठी ग्रामर डेंजरस आहे," तो म्हणाला, आणि मी निघायचं विसरले.

त्याचं नाव समर. लंडनच्या हॅरो भागात जन्मलेला, तिथल्याच एका शाळेत सायन्स शिकवणारा. मी दीक्षा, नागपूरची, इथे जेनेटिक्सच्या लॅबमध्ये. डब्यातली ती मादी फिकट जांभळी होती, पाठीवर पिकल्या जर्दाळूच्या रंगाचे ठिपके. असा रंग मी कधी पाहिला नव्हता.

"हा रंग आला कुठून?"

"सहा वर्षं लागली. कॉर्न स्नेक खरं तर केशरी असते. हा रंग आईबापांत लपून राहते, दिसत नाही. पिल्लाला दोघांकडून मिळाली, तरच..."

"रिसेसिव्ह जीन."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "परत म्हण ना. इतकं रोमँटिक मला कोणी बोललं नाही."

मी डब्यावर वाकले, गाल तापलेले त्याला दिसू नयेत म्हणून. पण वाकल्यावर शंका आली. डोक्यावरची नक्षी शेजारच्या डब्यांतल्या केशरी कॉर्न स्नेकसारखी नव्हती.

"ही नक्की कॉर्नच ना? की दुसऱ्या जातीची—"

"जात हा शब्द आमच्या घरात बॅन आहे," तो हसून म्हणाला.

"आमच्याही," मी म्हटलं. दोघंही हसलो. मग तो गंभीर झाला.

"पण सापांत विचारायला पाहिजे. नवीन रंगासाठी काही लोक किंग स्नेकशी क्रॉस करतात आणि प्युअर कॉर्न म्हणून विकतात. किंग स्नेक दुसरे साप खाते. घेणाऱ्याला माहीत नसेल, दोन एकत्र ठेवले, तर... एकच उरते."

"मग तू तपासलंस?"

"हिच्या आजोबाला मी विश्वासाने घेतलं होतं," तो हळू म्हणाला. मग खणातून एक पाकीट काढलं. आत तिची कात होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. पाकिटावर त्याने स्वतःचा फोन नंबर लिहिला. "सायन्ससाठी," म्हणाला.

पुढचे तीन आठवडे सायन्स फोनवर रोज तासभर चाललं. सापाला कान नसतात तर ऐकू कसं येतं? दोन्ही डोळे झाकले तरी उंदीर कसा सापडतो? मी विचारायचे, तो सांगायचा. मधेच त्या मादीने अकरा अंडी घातली, तेव्हा त्याचा आवाज असा आला, जणू तोच बाप झाला होता. सगळी पिल्लं आधीच बुक झालेली होती. प्युअर कॉर्न म्हणून.

आणि कातीच्या डीएनएचा रिपोर्ट आला. किंग स्नेकचा अंश होता. मी टेस्ट पुन्हा केली. तेच.

शेवटी एका शनिवारी मी हॅरोला गेले आणि त्याच्या किचनच्या टेबलावर कागद ठेवला. त्याने दोनदा वाचला.

"लॅबमध्ये मिक्स-अप?"

"नाही, समर."

तो उठून खिडकीपाशी गेला. "सहा वर्षं," एवढंच म्हणाला. माझ्या कपातला चहा गार झाला. स्टेशनपर्यंत सोडायलाही तो आला नाही.

नऊ दिवस फोन नाही. दहाव्या दिवशी मेसेज आला : 'रविवारी दुपारी कॅमडेनला क्लबची मीटिंग आहे. येशील?'

कम्युनिटी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. समर पुढे गेला. माझ्या सापांची लाइन हायब्रिड आहे, संकरित आहे, त्याने इंग्रजीत सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण आता आहे.

"मग अंडी फ्रीझरमध्ये टाक," मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "भेसळ आहे ती."

"नाही." समर त्यांच्याकडे वळला. "कोणाच्या पोटी जन्मलं यावरून कोणाला फेकून द्यायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. पिल्लं जगतील. डब्यावर खरं नाव असेल. एकेकटी राहतील, आणि प्युअर म्हणून त्यांच्यापासून कोणी ब्रीड करणार नाही. ज्यांना नको, त्यांनी आत्ताच सांगा."

सात हात वर झाले. समरने सातही नावं खोडली. एकदाही मान खाली घातली नाही. मला कळलं... आता सुटका नाही.

बाहेर भुरभुर पाऊस होता. बसस्टॉपच्या छपराखाली मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. रिपोर्ट मी दोन दिवस दाबून ठेवला होता."

"का?"

"वाटलं... वाचलास की परत फोन करणार नाहीस."

"आणि तरी आणलीस?"

"तुला खोटं सांगून तुझ्याशी रोज बोलणं... जमलं नसतं मला."

त्याने माझ्या भिजलेल्या बाहीवरचे थेंब बोटाने टिपले आणि हात तिथेच ठेवला.

"मी चिडलो नव्हतो, दीक्षा. लाज वाटली. आणि त्याच्या खाली... तू आवडतेस, हे होतं. पहिल्यांदा दिसलं नाही एवढंच."

बस आली. आम्ही ती जाऊ दिली.

"लीड्सच्या शाळांमध्ये सायन्स टीचर लागतात का?" त्याने विचारलं. "आणि तुझ्या फ्लॅटमध्ये साप चालतात?"

"सापांचं लँडलॉर्डला विचारावं लागेल," मी त्याचा हात धरला. "तुझं नाही."