चपटं जाकीट

"आधी ब्रेक कुठे लावायचा ते ठरव, मग घसरगाडी बनव," टकळी म्हणाली.

"घसरगाडीला ब्रेक असतो का? आणि असला तर तो कोणाच्या पायाचा?" शंकासुराने विचारलं.

सुट्टी लागल्यापासून या भावंडांचं असंच चाललं होतं. टकळीचं तोंड मिटत नसे आणि शंकासुराच्या शंका संपत नसत. शेजारची बारकी तेवढी गप्प. पण तिच्या हातातला टेनिसचा चेंडू सतत भिंतीवर आपटत असे, त्यामुळे शांतता कोणाच्याच नशिबी नव्हती.

तेवढ्यात आत्या घरी आली. ती बचाव पथकात होती. डोंगरावर बर्फात वाट चुकलेल्यांना शोधून आणायचं, हे तिचं काम. जाकीट दारामागच्या खुंटीला लावून ती स्टुलावर बसली आणि बुटाच्या लेसशी झटू लागली. बोटं वळतच नव्हती. ओठ निळे पडले होते. शेवटी टकळीनेच खाली बसून गाठ सोडली. आत्याचा हात तिच्या गालाला लागला आणि तिची बडबड एकदम थांबली. एवढा गार हात तिला कधी लागला नव्हता.

"माझ्यामुळे सगळ्यांना अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं," आत्या म्हणाली. "साहेब म्हणतात, आता वय झालं तुमचं. उद्याच्या बैठकीत ठरवणार आहेत. बहुतेक ऑफिसात फोन घ्यायला बसवतील."

आत्याला जेवणापुरतंही एका जागी बसवत नसे. ती दिवसभर खुर्चीत बसणार, या विचाराने टकळीला रडूच आलं.

शंकासुर मात्र येरझाऱ्या घालत होता. "मागच्या आठवड्यात याहून जास्त थंडी होती. तेव्हा आत्या घामाघूम होऊन आली होती. एका आठवड्यात कोणाचं वय होतं का? बूट तेच, आत्या तीच. मग बदललं काय?"

"दार," बारकी म्हणाली.

"दाराचं काय?"

"खुंटीला जाकीट असलं की दार पूर्ण उघडायचं नाही. आज उघडलं."

तिघं जाकिटावर तुटून पडली. एरवी गादीसारखं फुगलेलं ते जाकीट आज चपातीसारखं चपटं होतं. खिडकीच्या उजेडात धरलं, तर शिवलेल्या प्रत्येक कप्प्यात पिसांचे गोळे होऊन कोपऱ्यात बसले होते. बाकी सगळीकडे नुसते कापडाचे दोन पदर.

जाकीट घेऊन तिघं पथकाचे कपडे धुणाऱ्या लॉन्ड्रीत धावली. तिथली मावशी इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "मी काय करू? तुमचे नवे साहेब पडले टापटिपीचे. म्हणाले, हे फुगलेलं ध्यान बरं दिसत नाही, धुऊन ओलं असतानाच दाबून इस्त्री करा. पिसं आतच राहतात ना, मग बिघडतं कुठे? मलाही पटलं. हे नमुन्याचं होतं. बाकीची जाकिटं उद्या यायची आहेत."

"थंडीत चिमण्या पिसं फुलवून टम्म का बसतात?" शंकासुराने विचारलं आणि या वेळी उत्तरही स्वतःच दिलं. "पिसांमध्ये हवा अडकते. ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. साहेबांनी हवाच काढून टाकली!"

"मग आत्ताच जाऊन सांगू या त्यांना," टकळी उठलीच.

"ते ऐकतील आपलं?"

टकळी परत खाली बसली. पण फार वेळ नाही. "ऐकणार नाहीत. पण चहा तर पितील."

दुसऱ्या दिवशी बैठकीला चहा द्यायचं काम तिघांनी मागून घेतलं. एकाच पातेल्यातला उकळता चहा दोन सारख्या किटल्यांत भरला. एक किटली आत्याच्या जाकिटात गुंडाळली, दुसरी ऑफिसातल्या एका फुगीर जाकिटात, आणि दोन्ही बाहेर वाऱ्यात ठेवल्या. आत बैठक लांबत चालली. बारकीचा चेंडू थांबेना आणि टकळीची नखं संपत आली.

अखेर हाक आली. साहेबांच्या पँटच्या घडीने पाव कापता आला असता, इतकी ती कडक होती. टकळीने त्यांना एका किटलीतला चहा दिला, बाकीच्यांना दुसरीतला. सगळे फुंकर घालून पिऊ लागले. साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हा चहा आहे की सरबत?"

"चहाच आहे," टकळी म्हणाली. "पण तो आत्याच्या जाकिटात होता. तुम्ही इस्त्री करायला लावलेल्या. काल आत्याही त्याच जाकिटात होती."

साहेबांनी दोन्ही जाकिटं हातात घेऊन दाबून पाहिली. मग ते आत्याकडे वळले.

"वय तुमचं झालेलं नाही. डोकं माझं चाललं नाही. माझं चुकलं. आणि उद्या मी सगळ्यांनाच असं वर पाठवलं असतं."

मावशीने ते जाकीट कपडे वाळवायच्या यंत्रात मंद आचेवर फिरवलं, पण गोळे काही सुटेनात. "आत काहीतरी आपटत राहायला हवं," ती म्हणाली. सगळ्यांनी बारकीकडे पाहिलं. बारकीने चेंडू पाठीमागे लपवला, थोडा विचार केला आणि मग मुकाट्याने पुढे केला. यंत्र धपधप वाजू लागलं. बऱ्याच वेळाने जाकीट बाहेर आलं ते पूर्वीसारखं टम्म फुगून.

दुपारीच फोन वाजला. दोघं जण वर अडकले होते. आत्या निघाली. खिडकीबाहेर बर्फ वाढत गेला आणि मुलांना बसवेना, उभं राहवेना, घसरगाडीकडे तर बघवेना.

अंधार पडता पडता दार वाजलं. आत्याच्या मागून साहेब आत आले. "दोघंही सुखरूप आहेत," ते म्हणाले. "पोरांनो, आज तुम्हीही आमच्या पथकात होतात."

टकळी मात्र धावत आत्याच्या पायाशी बसली होती. तिने लेसला हात घातला, तोच आत्याने तो बाजूला केला. आत्याचा हात उबदार होता.

"राहू दे गं," आत्या म्हणाली आणि एका झटक्यात गाठ सोडली.