तिसऱ्या बटणावरचं चित्र

लाईट आता तासभर काही यायची नाही. बसा निवांत, कंदील लावतो. आणि त्या कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहून मघाशी तुम्ही हसलात, ते मला दिसलं बरं का. हसा, हसा. खिशातला मोबाईल काढला की आजकाल कोणीही लाइव्ह. पण एकोणऐंशी साली अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात लाइव्ह चित्र दाखवणारा माणूस एकच होता, आणि तो हा तुमच्यासमोर बसलाय. रमाकांत. गर्व म्हणा हवं तर. मला त्याचं काही वाटत नाही.

मुंबईत टीव्हीचं काम शिकवणारी एक संस्था बंद पडली होती. तिच्या स्टुडिओतले दोन कॅमेरे मी उचलून आणले. खऱ्या स्टुडिओतले! उचलायला दोन माणसं लागायची. चालू केले की पंधरा मिनिटं तापायला द्यावे लागायचे, तेव्हा कुठे चित्र धरायचे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक लाल दिवा. ज्याचं चित्र बाहेर चाललंय त्याचाच दिवा पेटणार. आणि त्यांच्या जोडीला ही पेटी, म्हणजे मिक्सर. हिच्यावर तीन बटणं आहेत. एक नंबर दाबलं की पहिल्या कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर जातं, दोन नंबर दाबलं की दुसऱ्याचं. तिसऱ्याच्या मागे काही जोडलेलंच नव्हतं, कारण तिसरा कॅमेरा माझ्याकडे नव्हता. समोर तीन छोटे पडदे असायचे, त्यातला तिसरा कायम काळा. टेप वगैरे भानगड नाही. समोर घडतंय ते त्याच क्षणी तारेतून जाणार, आणि संपलं की संपलं.

तर वैशाखातली गोष्ट. मोताळ्याच्या पुढचं एक गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच नांदतात. उत्तमराव म्हणून मोठे कास्तकार होते, त्यांच्या एकुलत्या एका पोरीचं, पुष्पाचं लग्न. माझं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. घरात टीव्ही आणि टीव्हीत मांडव, असं लग्न तालुक्यात आजवर झालेलं नसावं, हा त्यांचा हट्ट. मी मॅटाडोरमध्ये सामान भरलं, माझा मेहुणा गोपाळ कॅमेरा धरायचा त्याला घेतलं आणि सकाळी सातलाच गावात हजर झालो.

आता एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. नवरीच्या आईनं मंगलाष्टकं पाहायची नाहीत. अक्षता पडत असताना तिनं घरामागे तुळशीला पाणी घालत बसायचं, मांडवाकडे पाठ करून. थोडंफार सगळीकडेच आहे हे, पण त्या घरात फार कडक. आईची नजर लागते म्हणे. उत्तमरावांनी त्यातून वाट काढली होती. मांडवात पाहू नये असं आहे, पेटीत पाहू नये असं कुठं लिहिलंय, असं त्यांनी भटजींनाच विचारलं. भटजींनी कान खाजवला आणि शास्त्रात टीव्हीचा उल्लेख नाही एवढं कबूल केलं. सगळे हसले. टीव्ही माजघरात लागला. माजघराचं मागचं दार उघडलं की समोर तुळस.

हसली नाही ती एकटी सोजराबाई, नवरीची आई. मी टीव्हीची वायर खोचत होतो तेव्हा ती येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. किडकिडीत बाई, हाताला हळद लागलेली.

"भाऊ, चित्र मधात तुटत तं नाही ना?"

रमाकांत बसलाय तोवर तुटत नाही, असं मी सांगितलं.

"मले पोरीच्या डोक्शावर अक्षता पडताना पाह्याच्या हायेत. बाकी काई नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "माझ्या मायनं माझं लगन नाही पाह्यलं. तिच्या मायनं तिचं नाही पाह्यलं. मी रीत मोडून राह्यली, भाऊ. मोडाचीच हाय तं मंग पुरं पाहू द्या."

पोरीचं काही वाईट झालं तर ते आपल्या माथी, ही भीती तिला होतीच. तरी तिला पाहायचं होतं. मी शब्द दिला. एक क्षणही चित्र तुटणार नाही म्हणालो. धंद्यात असे शब्द कोणी देत नाही, पण त्या बाईकडे पाहून माझ्यानं राहवलं नाही.

माझी बसायची जागा अंगणापलीकडच्या कापसाच्या कोठीत होती. कापूस विकून झालेला, कोठी रिकामी. पडदे नीट दिसायला अंधार लागतो म्हणून दाराला घोंगडी लावली. बाहेर भर दुपारचे बारा, अन् आत स्वतःचा हातही दिसू नये. सरकीचा जुना, तेलकट वास आणि तापलेल्या यंत्रांचा वास. कानाला हेडफोन, तोंडासमोर छोटा माईक, गोपाळशी बोलायला. गोपाळ एक नंबरवर, मांडवात. दोन नंबर मी एका रिकाम्या बैलगाडीवर चढवून ठेवला होता, सगळा मांडव दिसावा म्हणून.

मुहूर्त बारा पस्तीसचा. पहिली चार अष्टकं अशी गेली, की काय सांगू! अंतरपाट, नवरीची खाली झुकलेली मान, मुंडावळ्या. एकावरून दोनवर, दोनवरून एकावर. एक हिसका नाही. माझ्यावर मीच खूश होतो.

आणि तिथेच माती खाल्ली. शहरातल्या लग्नात माणसं खुर्चीवर बसून अक्षता टाकतात हो. इथे शेवटचं अष्टक सुरू झालं तशी अख्खा मांडव उठला आणि नवरा-नवरीला गराडा घालून उभा राहिला. गोपाळच्या चित्रात नुसत्या पाठी आणि टोप्या. दोन नंबरवर गेलो, तर पोरंठोरं त्या बैलगाडीवर चढली होती. चित्र गदगदा हललं आणि वायर निसटून काळं झालं. "शुभमंगल" आता कोणत्याही क्षणी. ती बाई तिकडे पडद्याला डोळे लावून बसलेली... आणि माझ्याकडे तिला द्यायला काही नाही. गोपाळ कानात ओरडतोय, भाऊजी, काई दिसत नाही. बोटं बटणांवर सैरभैर फिरली, आणि तीन नंबर दाबलं गेलं.

चित्र आलं.

अगदी स्वच्छ. नवरीच्या खांद्याजवळून, जरा खालून, एखादी ठेंगणी बाई तिला खेटून उभी असावी तसं. पुष्पाच्या पापणीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. मग "सावधान" झालं, आणि हळद लावलेल्या ज्वारीच्या अक्षता तिच्या डोक्यावर पडल्या, केसात अडकल्या, गालावरून ओघळल्या. एकूण एक दाणा दिसला. उभ्या जन्मात मी असं चित्र दिलं नव्हतं. खरं सांगतो, ते कुठून येतंय हा विचारच आधी आला नाही. आधी छाती फुगली.

"भाऊजी..." गोपाळचा आवाज. "माझा दिवा इझला. कोणचं घेतलं तुम्ही?"

मी तीन म्हणालो.

"तीन कुठं हाय आपल्यापाशी?"

नवरीच्या उजव्या खांद्याशी कोण उभं आहे ते पाहा, असं मी त्याला हळूच म्हणालो. तो टाचा उंचावून पाहत असावा.

"कोणी नाही, भाऊजी. तेवढी जागा मोकळी हाय... कोणी तिथं घुसून नाही राह्यलं."

तेवढ्यात चित्र वळलं. मांडवातून निघालं. लोकांच्या कमरेच्या उंचीनं, सावकाश, म्हातारं माणूस चालावं तसं. कोणी बाजूला झालं नाही, तरी वाट मिळत गेली. अंगण आलं. घराला वळसा घालून ते मागच्या बाजूला गेलं. तुळस आली. तुळशीपाशी ते थोडं थांबलं. मग माजघराचं दार, आणि आत सतरंजीवर बसलेली सोजराबाई, पाठमोरी. तिच्या पुढ्यात टीव्ही, आणि टीव्हीत तीच पाठमोरी, आणि त्यातल्या टीव्हीत पुन्हा तीच. बाई, उठ, असं ओरडावंसं वाटलं, पण माझा आवाज तिच्यापर्यंत जायला तारच नव्हती.

सोजराबाईनं मागे पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि एका माणसाला बसता येईल एवढी सरकली.

चित्र खाली आलं. तिच्या शेजारी बसलं.

तुम्ही म्हणाल, मी पळालो का नाही. नाही पळालो! समोर दोन प्रेक्षक बसलेत आणि त्यांच्या पडद्यावर त्यांचाच टीव्ही दिसतोय, लग्न नाही, हे माझ्या डोक्यात आलं. शब्द दिला होता मी. मी एक नंबरवर नजर टाकली. गोपाळ तोवर एका खुर्चीवर चढला होता आणि त्याच्या चित्रात हार घालणं चाललं होतं. मी एक दाबलं. माजघरातल्या टीव्हीवर मांडव परत आला, तो मला तिसऱ्या पडद्यात दिसला. हो, कारण तो तिसरा पडदा अजून चालूच होता. टीव्ही, आणि कडेला सोजराबाईचा खांदा. त्या घटकेलाही माझं बोट चुकलं नाही. याचा मला आजही अभिमान आहे.

मग सोजराबाई पुन्हा सरकली. दाराकडे पाहून मान हलवली, आणि अजून सरकली. चित्रही तिच्यासोबत सरकत गेलं. पुन्हा. पुन्हा. असं करत करत ती भिंतीला जाऊन टेकली, गुडघे पोटाशी घेऊन. एवढी मोठी सतरंजी, सगळी रिकामी, आणि ती कोपऱ्यात अंग चोरून बसलेली.

"भाऊजी," गोपाळ कुजबुजला. "तुमच्यापाशी बाया येऊन बसल्या काय?"

मी नाही म्हणालो.

"मंग तुमच्या माईकातून हे काय येऊन राह्यलं... बांगड्यांचा आवाज. लई बाया हायेत."

तेव्हा मला वास आला. ओल्या मातीचा. तुळशीच्या आळ्यात पाणी घातल्यावर येतो ना, तसा. वैशाखाच्या भर दुपारी, कापसाच्या कोरड्या कोठीत, माझ्या पाठीमागून. मी मागे पाहिलं नाही. लाइव्ह चालू असताना माणूस पडद्यावरची नजर काढत नाही. हे मी स्वतःला सांगत राहिलो आणि सप्तपदी संपेपर्यंत एकदाही चित्र तुटू दिलं नाही.

सगळं उरकल्यावर मी बटणं बंद केली. तिन्ही पडदे विझले. फक्त कोपऱ्यातला साधा बल्ब लावला. थोड्या वेळानं घोंगडी बाजूला झाली आणि सोजराबाई आत आली. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा कसा निवला होता.

"पुरं पाह्यलं, भाऊ. एक दाणा सुटला नाही."

पुढे मला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, पेपरात फोटो आला. पण त्या वाक्याची सर कशालाच नाही. मी जरा धीर करून विचारलं, की ताई, तुम्ही सरकत का होतात.

"माय आली होती," ती म्हणाली. "रुखमाबाई. बारा वर्सं झाले तिले जाऊन. नातीपाशी उभी राह्यली अन् मंग माझ्यापाशी आली. म्हणे, सरक व पोरी, मले बी पाहू दे. मंग तिची माय आली. मंग तिची. मांगच्या तं मी वळखतही नाही, भाऊ. समद्या तुळशीपासून उठून आल्या."

मी विचारलं, मग गेल्या का?

"माय गेली. तिचं मन भरलं. बाकीच्या म्हणतात, आमच्या पोरीचं लावा."

मी तिला समजावून सांगितलं. ताई, हे लाइव्ह आहे. आत्ता घडतंय तेवढंच दिसतं. होऊन गेलेलं मला दाखवता येत नाही, कोणालाच येत नाही. सोजराबाईनं मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, कोठीच्या अंधाऱ्या भागाकडे पाहून, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तसं सावकाश म्हणाली, "नाही म्हणतात, बाई. होऊन गेलेलं दिसत नाही." आणि कान देऊन उभी राहिली.

"आमी थांबतो म्हणतात," ती मला म्हणाली.

मग ती जायला निघाली. दार चार पावलांवर, सरळ. पण ती सरळ गेली नाही. लुगडं घोट्यावर उचलून, एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे, वाट काढत, "सरका व माय, जाऊ द्या" असं पुटपुटत गेली. दाराशी तिचा पाय कशाला तरी लागला. तिथे काही नव्हतं, मी बल्बच्या उजेडात नीट पाहत होतो. ती चटकन वाकली, रिकाम्या जागेला हात लावला आणि तो हात कपाळाला लावून बाहेर पडली.