कव्हरखालची पाटी

टक्... टक्... टक्...

“परत मेली!” सुयोग आनंदाने ओरडला.

सोसायटीच्या रुग्णव्हॅनसमोर उदबत्ती धुमसत होती, बॉनेटवर झेंडूचा हार होता, आणि आत बसलेले चेअरमन सामंतकाका किल्ली अशी पिळत होते, जणू चूक किल्लीचीच होती.

दर रविवारी अकराला हा सोहळा चाले. पाच मिनिटं इंजिन चालू, मग बंद, मग वर चंदेरी कव्हर. आल्यापासून चौदा महिन्यांत व्हॅन गेटबाहेर पडली नव्हती. सीट मळू नयेत म्हणून आजारी माणसांना रिक्षाने पाठवायचे! अशी रुग्णव्हॅन अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरी नसेल, असं तेरा वर्षांच्या श्रुतिकाचं ठाम मत होतं.

“हे काम अंबादासचंच!” काका खाली उतरत गरजले. “व्हॅनमध्ये बसून मोबाइल चार्ज करतो. तिसऱ्यांदा बॅटरी उतरली! पुढच्या रविवारी मीटिंग, आणि सोमवारपासून नवा वॉचमन!”

“साहेब, किल्ली तुमच्या कपाटात असते,” अंबादासकाका गेटवरून हळूच म्हणाले.

“डुप्लिकेट केली असशील!”

नोकरी गेली की पंपाशेजारची खोलीही जाणार. त्याच खोलीत त्यांची राधा बारावीचा अभ्यास करत होती.

“किल्ली कपाटात आणि चोर गेटवर! काय डोकं आहे!” श्रुतिका पुटपुटली. “सुयोग, सुट्टीत काय करायचं विचारत होतास ना? हे करायचं.”

सोमवारी बॅटरी चार्ज होऊन आली. मुलांनी तीन दिवस आळीपाळीने पहारा दिला. व्हॅनजवळ कोणी फिरकलंसुद्धा नाही. बुधवारी संध्याकाळी कंटाळून लपंडाव सुरू झाला, आणि अकरा वर्षांची निधी व्हॅनच्या कव्हरखालून किंचाळत बाहेर आली.

“पाली! चार पाली! मागच्या काचेवर!”

“पालींना घाबरतेस? ए भित्री!” सुयोग हसला.

“गप रे!” श्रुतिका म्हणाली. “सुयोग, पाली कुठे जमतात?”

“ट्यूबलाइटपाशी. किडे खायला.”

“मग कव्हरखाली कुठली ट्यूबलाइट?”

तिने कव्हर उचलून डोकं आत घातलं. मागच्या काचेआड काकांनी गेल्या महिन्यात बसवून घेतलेल्या पाटीची निळी अक्षरं लखलखत होती: ‘रुग्णसेवार्थ सप्रेम भेट, श्री. हर्षद सामंत, चेअरमन.’

“हे कोणाला दाखवतात?” सुयोग म्हणाला. “पालींना?”

तिघं धावत शीतलताईंच्या बॅटरीच्या दुकानात गेली. ताईंनी सगळं ऐकलं आणि पान्हा खाली ठेवला.

“पाटीवाल्याने तार थेट बॅटरीला जोडली असणार. किल्ली काढली तरी पाटी चालूच. चार दिवसांत बॅटरी खलास!”

“पण ते दर रविवारी चालू करतात ना?”

“पाच मिनिटं? गाडी सुरू करायला जेवढी वीज लागते, तेवढीही धड परत भरत नाही. आठवड्यातून अर्धा तास रस्त्यावर पळवायला हवी. नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायची. मी तीनदा चार्ज केली, पण उतरते कशाने हे एकानेही विचारलं नाही. तुम्हीच पहिले!”

रविवारी मीटिंग भरली. व्हॅन अर्थातच मेलेली होती, आणि शीतलताई चार्ज केलेली बॅटरी घेऊन आल्या होत्या.

“काका, चोर आत्ता सगळ्यांसमोर पकडून देऊ?” श्रुतिकाने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं.

काका खुलले. “दे की! मी जाहीर करतो, जो सापडेल त्याला हात जोडून माफी मागायला लावीन!”

“नक्की ना? मग बॉनेट उघडा, आणि किल्ली खिशात ठेवा. सगळी दारं घट्ट लावा, आतला दिवा लागायला नको. अंबादासकाका, तुम्ही गेटवरून हलू नका!”

ताईंनी बॅटरी बसवली, पण निगेटिव्ह तार मोकळी ठेवली. ती तार आणि बॅटरी यांच्यामध्ये त्यांनी एक छोटा बल्ब जोडला. गाडीत कुठेही वीज जात असेल, तरच तो पेटणार होता. बल्ब पेटला!

“किल्ली काकांच्या खिशात, वॉचमन गेटवर,” श्रुतिका म्हणाली. “मग वीज कोण पितंय?”

ताईंनी बॅटरीवरची एक बारीक लाल तार उपटली. बल्ब विझला. त्याच क्षणी सुयोग आणि निधीने मागचं कव्हर ओढलं. ताईंनी तार पुन्हा टेकवली, आणि काकांचं नाव निळंशार झळकलं. एक पाल दचकून पळाली.

कोणीतरी फिस्सकन हसलं.

“मला... मला शंका होतीच,” सामंतकाका म्हणाले.

“शंका होती तर त्या गरिबाला कशाला छळलास?” सोसायटीतल्या सगळ्यात वयस्कर नलिनीआजी काठी आपटत उठल्या. त्यांच्यापुढे चेअरमनही शाळकरी पोर होते. “हर्षद, जाहीर केलंस ना? जोड हात!”

काका गेटपर्यंत चालत गेले आणि त्यांनी हात जोडले. अंबादासकाकांनी मान हलवली, एवढंच.

“शाबास गो चेडवा! गुणाची पोर!” आजींनी श्रुतिकाच्या पाठीवर थाप मारली. समितीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवडाभर काका चोर-चोर करत असताना माना डोलावणारे हेच ते लोक, हे श्रुतिका विसरली नव्हती.

“टाळ्या नकोत,” ती म्हणाली. “किल्ली अंबादासकाकांना द्या. त्यांच्याकडे लायसन्स आहे. मी विचारलंय.”

आता दर गुरुवारी व्हॅन नलिनीआजींना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेते आणि येताना ऐरोली पुलापर्यंत चक्कर मारते. सीट मळल्या आहेत. बॅटरी ठणठणीत आहे. पाटीही जागेवरच आहे, ज्याला हवी त्याने दिवसा वाचावी.