तिसऱ्या हाकेची ओ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या आजोबांच्या, गोपाळरावांच्या बाबतीत घडलं. १९७३चा मे महिना. नागपूर. सक्करदऱ्याच्या पुढे, तेव्हाच्या शहराबाहेर, एक लहान तलाव होता.

आणि वेळ... रात्रीची नाही. भर दुपारची.

तलावाच्या काठाला मातीच्या बारा घरांची वस्ती होती. तिथं बगिचा, नावा आणि पाहुण्यांसाठी मोठं हॉटेल होणार होतं. गोपाळराव सरकारी कारकून. घरोघरी जाऊन पंचनामा करायचा, कोण राहतं ते लिहायचं, हे त्यांचं काम. राहत्या घराला दुसरी जागा द्यावी लागे. रिकाम्या घराला काहीच नाही.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

"गोपाळराव, जितकी घरं रिकामी निघतील तितकं बरं. नव्या लेआऊटमध्ये एक प्लॉट तुमच्याही नावानं निघेल."

माणूस वाईट नव्हता हो. पण सारा जन्म भाड्याच्या खोलीत चालला होता. मोह पडला.

पहिलंच घर रंभाबाईचं. एकटी म्हातारी. दार लोटलेलं. रिवाज असा, की कारकुनानं दारात तीन हाका मारायच्या. कोणी ओ दिली नाही, तर तसं लिहायचं.

"रंभाबाई!"

काही नाही.

"रंभाबाई!"

काही नाही...

उन्हानं डोकं भणभणत होतं. गोपाळराव मागे फिरले. झाडाखाली बसून त्यांनी लिहिलं, 'तीन हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. घर रिकामे.' पंचांच्या सह्या कोऱ्या कागदावर आधीच घेऊन ठेवल्या होत्या.

आठ दिवसांनी घर पाडलं. वस्तीतली माणसं मजुरीला गेलेली. कागदावर घर रिकामं, म्हणून आत कोणी डोकावलंच नाही.

रंभाबाई आतच होती. तापानं फणफणून पडलेली.

साहेबांनी प्रकरण दाबलं. "उरलेली अकरा घरं उरका," म्हणाले.

गोपाळराव पुन्हा गेले. तसंच रणरणतं ऊन. शेजारी धोंडबाचं घर. या वेळी त्यांनी हाका मोजून मारल्या.

"धोंडबा!"

"धोंडबा!"

"धोंडबा!"

"ओ... आली..."

आवाज बाईचा होता. थकलेला. आणि तो धोंडबाच्या घरातून आला नव्हता. शेजारच्या मातीच्या ढिगातून आला होता.

धोंडबा दार उघडून बाहेर आला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"बाबूजी, एक इचारू काय?" तो म्हणाला. "बुढी तिसऱ्या हाकेलेच ओ दे. पहिल्या दोन हाका भुताच्या राहतात, असं म्हणे. साऱ्या वस्तीले ठावं होतं. मंग तुमाले ओ काहून नाही देली तिनं? तुमी हाका कितीक मारल्या?"



"तीन," गोपाळराव म्हणाले.



कागदावर अकराही घरं रिकामी निघाली. प्लॉट मिळाला. विटा-सिमेंटचं घर झालं. राहायला गेल्यावर पहिल्याच दुपारी त्यांनी आजीला हाक मारली.

"इंदू!... इंदू!... इंदू!"

"ओ... आली..."

मागच्या अंगणातून. गोपाळराव गेले. अंगणात कोणी नव्हतं. आजी शेजारी पापड लाटायला गेली होती.

पुढच्या खेपेला ओ स्वयंपाकघरातून आली.

त्यानंतर दाराच्या मागून...

तेव्हापासून त्यांनी तिसरी हाक सोडली. दोन मारायचे आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचे. घरातले हसायचे. ते मात्र हसत नसत.

१९८४च्या मे महिन्यात त्यांनी अंथरूण धरलं. त्यांच्या शेवटच्या दुपारचं आजी मला नेहमी सांगायची, आणि दर वेळी रडायची.

"मी आंगनात कुरडया घालून राहिली होती गा. यायनं दोन हाका मारल्या. हात चिकाचे, म्हून मी बसून राहिली. अन् मंग... यायनं तिसरी मारली."

"मग तू गेली नाहीस?"

"उठलीच होती. तं आतून बाईनं ओ देली. 'आली' म्हणे. मले वाटलं, शेजारची कोणी बसली हाय जवळ. म्हून नाही गेली. नाही गेली गा मी..."

अर्ध्या तासानं ती आत गेली, तेव्हा सगळं संपलं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. चादरीवर मात्र मूठभर माती पडली होती. मातीच्या जुन्या भिंतीची असते, तशी.

आम्ही अजून त्याच घरात राहतो.

आई मला हाक मारते, तेव्हा मी असेन तिथून दुसऱ्या हाकेलाच धावत सुटतो. तिसरी तिला मारू देत नाही.