टेस्ट पास झाली तेव्हा

पहिल्यांदा तो आला तो तणतणतच. "माझ्या डेटाबेसमध्ये चूक काढणारी टेस्टर कोण?"

"मी..." ती म्हणाली आणि हातातला चहा की-बोर्डवर सांडला.

दोष खरं तर टेस्टचाच होता. तिचा प्रोग्राम रोज सकाळी स्क्रीनवरचा ऑर्डरींचा तक्ता उघडायचा आणि त्यातली एकेक ओळ डेटाबेसशी ताडून पाहायचा. ओळी सगळ्या असायच्या, पण कधीकधी मागेपुढे यायच्या. क्रम जुळला नाही की टेस्ट आपली नापास! दोन्हीकडच्या ओळी आधी क्रमाने लावून घेतल्या की झालं, हे तिला त्याच दुपारी कळलं. पण कळलं म्हणून लगेच करायलाच हवं, असं थोडंच आहे?

कारण टेस्ट नापास झाली की तो वरच्या मजल्यावरून खाली यायचा. बाह्या दुमडून अगदी शेजारी बसायचा.

"आज पण लांडगा आला का?"

"आला ना. तुम्हीच बघा."

"बघतोय..." तो म्हणायचा, आणि स्क्रीनकडे मुळीच बघत नसायचा.

घरी वहिनी चिडवायची, "नणंदबाई, मांजर डोळे मिटून दूध पितं, पण आमचे डोळे उघडे आहेत हं!"

मग एक दिवस साहेब वैतागले. "ही खोटी ओरड आजच्या आज बंद करा." तिने निमूटपणे दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी टेस्ट पास झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला रडू यायला लागलं.

तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. लिफ्टचं दार उघडलं की तिची मान आपोआप वळायची. कामात लक्ष लागेना, जेवण गोड लागेना. आणि शुक्रवारी डबा खाताना कुणीतरी सहज म्हणालं, तो सहा महिन्यांसाठी दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात चाललाय.

ती डबा तसाच टाकून जिना चढली.

"जाताय म्हणे?"

"हो... कालच होकार कळवला."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही टेस्ट दुरुस्त केलीत ना. मला वाटलं, माझं येणं नकोसं झालं."

ती बघतच राहिली. "म्हणजे... ती कशाने नापास होते ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवसापासून."

"अहो, साहेबांनी सांगितलं म्हणून केली मी! विचारायचं तरी..."

"आणि तुम्ही सांगायचं तरी..."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"होकार मागे नाही घेता येणार?"

"नाही. पण सहाच तर महिने—"

"सहाच? इथे चार दिवसांत जीव कासावीस झालाय माझा! आवडता तुम्ही मला. कळलं आता?"

तो हळूच म्हणाला, "मलाही... कधीपासून."

ती डोळे पुसत म्हणाली, "मग रोज सकाळी फोन करायचा. सगळ्या टेस्ट पास असल्या तरी. करशील ना?"