सत्यमचा नवा अंगठा

"नीट दाबा ना! अंगठा हाय का फूल?"

नांदूरघाटच्या आमच्या रेशन दुकानात, मशीनपुढं बसून मी गेली तीन वर्षं हेच ओरडतेय. दुकान दादांचं, म्हणजे माझ्या वडलांचं. ओरडायचं काम माझं. त्या दुपारी मशीननं तिसऱ्यांदा नकार दिला, तशी मी वैतागून समोरच्याचा अंगठाच धरला... आणि दचकले. जाडसर, बुटका, रुंद नखाचा.

त्यानं हात झटकन मागं घेतला. डाव्या हातानं माझ्या हाताला शिवून नमस्कार केला. "माफ करा हं. पाय लागला."

"पाय? कुठाय पाय?"

"तुमी धरलता की आत्ता!"

तो सत्यम, पेठेतल्या बांगड्या भरणाऱ्या कासारांचा. दीड वर्षापूर्वी कडबा कापायच्या यंत्रात त्याचा उजवा अंगठा गेला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पायाचा अंगठा काढून हाताला बसवला. सुतासारख्या शिरा दुर्बिणीखाली जोडत म्हणे दहा तास उभे होते.

"मग काय झालं? अंगठा तो अंगठाच, नुसतं गाव बदललं," मी म्हणाले. "डावा ठेवा, आन् गहू घेऊन जा."

तो हसला. मला मेलीला ते हसू लई आवडलं.

डॉक्टरांनी त्याला चिमटीनं दाणे उचलायचा व्यायाम दिला होता. दाण्यांना आमच्याकडं काय तोटा! रोज दुपारी गर्दी ओसरली, की तो गव्हाच्या पोत्यापाशी येऊन बसायचा.

"आज चाळीस उचलले," तो म्हणायचा.

"बेचाळीस."

"दाणे मोजता का मला बघता?"

"दाणेच!" मी म्हणायची, आणि कान तापायचे.

पण एके दिवशी तो बसलाच नाही. दारातूनच म्हणाला, "परवा पुण्याला चाललो. वॉचमनची नोकरी हाय."

"आन् बांगड्या कोण भरणार?"

"आता कसल्या बांगड्या... बायकांच्या हाताला पाय लावू व्हय? कोण देईल हात?"

"किती जणींना विचारलंत?"

तो चपलेनं उंबऱ्यावरची माती खरवडायला लागला.

"एकीलाबी न्हाई ना? कामून न्हाई?"

असा राग आला! मशीन बंद केलं, त्याला पुढं घातलं आणि पेठेतलं त्याचं बंद दुकान उघडायला लावलं. काचांवर बोटभर धूळ. मी पाटावर बसले, हात पुढं केला. "भरा."

त्यानं लाल बांगडी घेतली. कडकन...

"फुटली," मी म्हणाले.

"फुटली म्हणू न्हाई. वाढली म्हणावं."

दुसरीही वाढली. त्याला दरदरून घाम आला. नमस्काराला हात उचलायला लागला तसं मी डोळे वटारले. "खबरदार! आदी बांगडी भरा."

तिसरीला त्यानं श्वास रोखला. नवा अंगठा माझ्या अंगठ्याच्या सांध्यावर ठेवला, दाबला, हळूच फिरवला... आणि बांगडी मनगटात! त्यानं माझा हात मात्र सोडला नाही.

"करिष्मा..."

"काय?"

"तुमचा हात गरम लागतोय. ह्या अंगठ्याला... कळतंय मला. डॉक्टर म्हणलते, जाणीव हळूहळू येईल. मी आशाच सोडलती."

मी काही रडणारी बाई नाही. पण रडले. किती आवडतो हा माणूस आपल्याला, ते तेव्हा कळलं, आणि मग गप्प बसवेना.

"आता हिरव्या भरा," मी म्हणाले.

तो थबकला. "हिरवा चुडा नावाचा असतो, म्हाईत हाय ना?"

"हाय."

"मग... कुणाच्या नावानं भरू?"

"भरणाऱ्याच्या."

एकदम दोन वाढल्या! तो माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि नव्या अंगठ्यानं एकेक आकडा दाबत पुण्याला लावला.

"सत्यम बोलतोय. न्हाई, येणं व्हायचं न्हाई. लगीन हाय."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "कुणाचं बे?"

"माझंच," तो म्हणाला.

दादांना अजून पत्ताच नव्हता.